कंपन ‘अडवणे’ आणि कंपन ‘जिरवणे’ : दोहोंना एकच शब्द चालेल का?

धरमपेठी :
टर्नटेबलखाली ठेवावयाच्या साहित्याचे एक माहितीपत्रक मी नुकतेच एका विक्रेत्यासाठी मराठीत आणले. मूळ मजकुरात ‘डॅम्प करणे’ आणि ‘आयसोलेट करणे’ अशी दोन क्रियापदे आलटून पालटून आली होती. मी दोन्ही ठिकाणी ‘कंपन कमी करणे’ असे लिहून मोकळा झालो आणि त्याची शिक्षा मलाच मिळाली. आमच्या घरी टर्नटेबल ज्या शोकेसवर आहे ती भिंतीत ठोकलेली आहे आणि त्याच भिंतीच्या खिडकीत कूलर बसवलेला आहे. मे महिन्यात कूलर सुरू करून तबकडीवर सुई टेकवली की गाणे सुरू होण्यापूर्वीच वूफरचा पडदा थरथरताना दिसे. स्वतःच्याच भाषांतरावर विसंबून मी टर्नटेबलखाली रबराच्या चार चकत्या सरकवल्या, पण थरथर तसूभरही कमी झाली नाही. मूळ पत्रक पुन्हा वाचले, तेव्हा त्या चकत्या ‘डॅम्प’ करण्यासाठी होत्या आणि मला हवे होते ते ‘आयसोलेट’ करणे, हे ध्यानात आले. या दोन क्रियांसाठी वाचकाला चटकन कळतील असे दोन वेगळे शब्द सुचवावेत. शिवाय यंत्राखालच्या त्या चार वस्तूंना ‘पाय’ म्हणावे की पलंगाला असतात तसे ‘खूर’, हेही सांगावे.

परिभाषाप्रेमी :
शब्द सिद्ध असताना शोध कशासाठी? डॅम्पिंगला ‘अवमंदन’ आणि आयसोलेशनला ‘विलगन’ हे शब्द नेमके आहेत. नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी होते, त्या काळात कोशकार डॉ. रघुवीर यांनी येथेच बसून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्याच गावात ‘डॅम्प करणे’ असे लिहावे लागावे, ही खेदाची गोष्ट आहे.

खसटट्टी :
‘विलगन’ शास्त्राच्या पुस्तकात शोभेल. माहितीपत्रकात मात्र त्याचे ‘विलगीकरण’ व्हायला वेळ लागणार नाही, आणि २०२० सालानंतर तो शब्द वाचल्यावर दारावर कागद चिकटवलेले घरच डोळ्यांपुढे येते. टर्नटेबल चौदा दिवसांनी बाहेर येणार का, असे गिऱ्हाईक विचारील.

मोतीबागकर :
मी रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या देखभालीचे काम केले आहे. जुन्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याच्या बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, आसाच्या वर स्प्रिंग असते आणि तिच्या जोडीला तेलाचा डॅशपॉट असतो. स्प्रिंग रुळाचा धक्का डब्यापर्यंत पोहोचू देत नाही, आणि डॅशपॉट स्प्रिंगची उसळी तेलात मुरवून टाकतो. नुसती स्प्रिंग असती तर डबा उड्याच मारत राहिला असता. गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा मराठी माणसाला पाठ आहे. तेव्हा आयसोलेट करणे म्हणजे कंपन अडवणे आणि डॅम्प करणे म्हणजे कंपन जिरवणे, असे लिहावे. रबरात कंपनाची ऊर्जा खरोखरच उष्णता होऊन जिरते, म्हणून शब्द शास्त्राच्या दृष्टीनेही खोटा ठरत नाही.

परिभाषाप्रेमी :
‘जिरवली’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे कुणाची तरी खोड मोडलेली येते. हा शब्द भांडणातला आहे, भौतिकशास्त्रातला नव्हे.

तरफदार :
मोतीबागकर काका, शब्द गोड आहेत, पण उपमा उलटी पडते. पाणी अडवल्याशिवाय जिरत नाही. कंपनाच्या बाबतीत मात्र जिरवणे वाढवले की कूलरसारखी वरच्या वारंवारतेची, म्हणजे सेकंदाला जास्त वेळा होणारी, कंपने अडवणे कमी होते. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची स्वतःची एक वारंवारता असते आणि ती वजनाने स्प्रिंग किती दबते यावरून ठरते. १ मिलीमीटर दबली तर ती सुमारे १६ हर्ट्झ (सेकंदाला १६ हेलकावे) असते, ४ मिलीमीटर दबली तर ८, आणि १५-१६ मिलीमीटर दबली तर ४. बाहेरचे कंपन या वारंवारतेच्या १.४१ पटीहून वर असेल तरच ते अडते, त्याखाली अडत नाही, आणि दोन्ही वारंवारता जुळल्या तर उलट वाढते. धरमपेठी यांच्या कूलरची मोटर चार ध्रुवांची असावी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर अशी मोटर सेकंदाला पंचविसाहून थोडे कमी फेरे घेते. चकत्या टर्नटेबलच्या वजनाने जेमतेम १ मिलीमीटर दबल्या असतील, म्हणजे १६ च्या १.४१ पट, साडेबावीस. कूलर या उंबरठ्यावरच उभा आहे, मग फरक कसा पडावा? ८ हर्ट्झची स्प्रिंग त्याच कंपनाचा जेमतेम आठवा भाग वर जाऊ देईल. तरीही ती घेऊ नये, कारण टर्नटेबलची भुजा (सुई धरणारा दांडा) आणि सुई यांची स्वतःची वारंवारता साधारण ८ ते १२ हर्ट्झच असते. ४ किंवा त्याहून कमीची घ्यावी.

शब्दाबद्दल सांगायचे तर स्प्रिंग काही अडवत नाही. ती स्वतः हलते, म्हणून वरची जड वस्तू जागच्या जागी राहते. मी तिला ‘अधांतरी ठेवणे’ म्हणेन.

खसटट्टी :
‘अधांतरी’ वाचून गिऱ्हाईक टर्नटेबल छताला टांगील.

घुमटवासी :
दोन वारंवारता जुळल्यावर जे होते त्याला आपल्याकडे ‘घुमणे’ हा शब्द आहे, तो कुणीच घेतला नाही. घुमते ती खोली आणि ज्यात आवाज घुमतो तो घुमट.

तरफदार :
घुमट फारसी ‘गुंबद’वरून आला आहे, घुमण्यावरून नाही. मात्र ‘घुमणे’ मला मान्य आहे. सतारीच्या तरफेची, म्हणजे मुख्य तारांखालची साथीची, तार न छेडता बोलते, तेव्हा जे घडते ते हेच.

परिभाषाप्रेमी :
अंगात आलेली माणसेही घुमतात. त्यापेक्षा ‘अनुस्पंदन’ बरे. आणि व्युत्पत्तीचाच विषय निघाला आहे, तर गीतेतला ‘वेपथुश्च शरीरे मे’ (माझ्या शरीराला कंप सुटला आहे) आठवावा. त्यातला ‘वेप्’ धातू आणि इंग्रजी ‘व्हायब्रेशन’च्या मुळाशी असलेले लॅटिन क्रियापद ही एकाच कुळातली मानली जातात.

खसटट्टी :
म्हणजे ‘व्हायब्रेशन’ आपलेच निघाले. मग ते तसेच लिहायला हरकत कोणती?

परिभाषाप्रेमी :
नातेवाईक आणि घरचे माणूस यांत फरक असतो.

मोतीबागकर :
कारखान्यात आम्ही ‘कंपन’ म्हणत नव्हतो आणि ‘व्हायब्रेशन’ही म्हणत नव्हतो. यंत्राचा पाया सैल झाला की जुने मिस्त्री मशीनच्या अंगावर तळहात ठेवून ‘कापते आहे’ एवढेच सांगत. खाली नुसते रबर घातले की ‘पॅकिंग दिले’ म्हणत, मग ते अडवो की जिरवो.

धरमपेठी :
सर्वांचे आभार. शिडीवर चढून कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये बोट घालून पाहिले, तर चौकटीचा एक स्क्रू मुळातच नव्हता. तो बसवल्यावर थरथर बरीच कमी झाली आहे, तिला आता कोणते क्रियापद लावायचे ते कळत नाही. माहितीपत्रक सोमवारी छपाईला जाणार आहे. तूर्त ‘अडवणे’ आणि ‘जिरवणे’ ठेवले आहेत. ‘पाय’ की ‘खूर’, याचे उत्तर मात्र अजून कोणीही दिलेले नाही.

परिभाषाप्रेमी :
‘पादाधार’.