खोक्यावरचे ५६ आणि तारेवरचे ५६

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या जुन्या डायल-अप मोडेमच्या खोक्यावर ‘५६ के’ लिहिलेलं असायचं. ते म्हणजे सेकंदाला ५६ किलोबाइट, असा हिशेब कुणी मांडला तर तो पटत नाही. मोडेमचा आकडा बिटांचा असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की उरतात ७ किलोबाइट, आणि तेही फक्त डाउनलोडला. १९९८ च्या व्ही.९० मानकात अपलोड ३३.६ किलोबिटवरच थांबायचं, म्हणजे ४.२ किलोबाइट.

शिवाय ५६ च्या जवळ जायला टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल हवं आणि तिथून घरापर्यंतची तांब्याची तार धड हवी. आमच्या खानापूरकडे पावसाळ्यात जोडणी २८.८ किलोबिटवर व्हायची. ५ मेगाबाइटच्या गाण्याला तेवीस मिनिटं, तीही लाइन तुटली नाही तर! बेळगावात टिळकवाडीला मावसभावाकडे तोच मोडेम ४४ गाठायचा. म्हणून बिटांचे बाइट करताना जोडणी झाल्यावर विंडोज दाखवायचं तो आकडा धरा, खोक्यावरचा नको.