मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलीचे दात, गुंगी की पूर्ण भूल?

गोदाकाठ:
मुलगी 4 वर्षांची, वजन 14 किलो. दुधाच्या आठ दातांना कीड, चारही बाजूंना पसरलेली. दोन दाढांचं रूट कॅनाल, त्या धरून चार कॅप, उरलेल्या चारांत फिलिंग. खुर्चीत तोंडच उघडत नाही. बालदंततज्ज्ञांनी दोन पर्याय दिलेत: तोंडावाटे मिडाझोलाम (गुंगीचं औषध) देऊन चार बैठका, किंवा हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन एकाच दिवसात सगळं. आजी म्हणते, "पडायचेच दात, कशाला एवढा खटाटोप?"
कोणत्या पर्यायानंतर आईबाप समाधानी असतात आणि नाराजी नेमकी कशाची असते? डॉक्टरांना काय विचारू? थोडी घोरते, नाक वरचेवर चोंदलेलं असतं.

दाढेखाली:
आधी आजींचा मुद्दा. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दाढा 9 ते 12 वर्षांच्या दरम्यान. म्हणजे त्या दाढांवर तिला अजून किमान पाच वर्षं जेवायचंय.

मिडाझोलामनंतरची नाराजी बहुतेक एका समजुतीतून येते. "झोपेचं औषध" म्हटलं की मूल झोपणार असं घरचे धरून चालतात. प्रत्यक्षात ते जागं असतं, सैलावलेलं, पेंगुळलेलं, आणि इंजेक्शनच्या वेळी रडू शकतं. नंतर मुलीला त्यातलं फारसं आठवत नाही. दाराबाहेर उभ्या आईला सगळं आठवतं. हे आधी सांगितलेलं असेल तर तेच रडणं पालक समजून घेतात.

हिशोब असा. 0.5 मिग्रॅ प्रतिकिलो धरलं तर तिला 7 मिग्रॅ. असर यायला 20 ते 30 मिनिटं, कामाला मिळतात जेमतेम 30-40. औषध कडू, अर्धं थुंकलं तर पोटात किती गेलं ते कळत नाही, आणि अंदाजानं पुन्हा पाजायचं नसतं. काही मुलं उलट जास्तच बिथरतात.
शिवाय बधिर करायच्या औषधाची मर्यादा. लिग्नोकेन 4.4 मिग्रॅ प्रतिकिलो म्हणजे तिला सुमारे 61 मिग्रॅ; 2 टक्क्यांचं औषध 3 मिली झालं की संपलं. म्हणून एका बैठकीत तोंडाची एकच बाजू घेतात. चार बैठका, चार उपास, चार वेळा सुई. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला मूल दारातच अडतं आणि काम अर्धवट राहतं, ही दुसरी मोठी नाराजी.

लाफिंग गॅस इथे बाद. तो नाकानं ओढावा लागतो, हिचं नाक चोंदलेलं.

निमखारा:
फिलिंगच्या चार दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून कीड थोपवता येईल की. ड्रिल नाही, सुई नाही. मग उरतात चारच दाढा.

दाढेखाली:
बरोबर, पण दात मिनिटभर कोरडा ठेवावा लागतो आणि ही तोंडच उघडत नाही. शिवाय कीड काळी पडते, ते आधी सांगायला हवं. ज्या दाढांची कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय त्यांना त्याचा उपयोग नाही. भुलेची तारीख लांबली तर मधल्या काळापुरतं जरूर विचारा.

भुलभुलैया:
तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. घोरणं आणि चोंदलेलं नाक म्हणजे टॉन्सिल आणि अडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) बघायलाच हवेत. रात्री ती गाढ झोपली की दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि तोंड दोन्ही दिसेल असा. घोरणं मध्येच थांबून दचकल्यासारखा श्वास येत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. अशा मुलीला क्लिनिकमध्ये गुंगी देण्यापेक्षा श्वासनलिकेत नळी घालून दिलेली पूर्ण भूल मला जास्त सुरक्षित वाटते. नळी बहुधा नाकातून जाते, म्हणून अडेनॉइडचं भूलतज्ज्ञाला आधी सांगा.

विचारायचं ते हे: दात करणारे डॉक्टर सोडून श्वासावर लक्ष ठेवायला वेगळा प्रशिक्षित माणूस कोण? कॅप्नोग्राफ (बाहेर टाकलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) आहे का? बोटाचा ऑक्सिमीटर श्वास थांबल्याचं उशिरा दाखवतो, कॅप्नोग्राफ लगेच. मुलांच्या मापाचा मास्क आणि बॅग, सक्शन, गुंगी उतरवायचं फ्लुमाझेनिल हाताशी आहे का? आणि "निघताना गुंगीचं औषध घरीच पाजून आणा" असं कुणी म्हणालं तर दुसरा दवाखाना बघा.

उपास: जेवण आणि दूध 6 तास आधी बंद, साधं किंवा साखरेचं पाणी 2 तास आधीपर्यंत. सकाळी 8 ची वेळ असेल तर रात्रीचं जेवण शेवटचं, पहाटे साडेपाचला उठवून साखरपाणी. घोळ होतो तो दुधाच्या चहात आणि "एकच बिस्किट दिलं" मध्ये. ताप किंवा ओला खोकला असेल तर किमान दोन आठवडे पुढे ढकला.

गोदाकाठ:
धन्यवाद. भुलेचा मेंदूवर परिणाम होतो म्हणतात, त्याचं काय?

भुलभुलैया:
अमेरिकेच्या एफडीएचा (औषध नियामक संस्थेचा) 2016 चा इशारा 3 वर्षांखालच्या मुलांना 3 तासांपेक्षा लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल आहे. 2019 मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत तान्हेपणी तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांची बुद्धी पाचव्या वर्षी इतरांसारखीच भरली. तुमची मुलगी चार वर्षांची, काम साधारण दोन तासांचं. एकदाच, सगळं एकत्र, हे धोरण त्यातही बसतं.

दाढेखाली:
पूर्ण भुलेनंतर पालक एकंदरीत खूश असतात, कारण ठणका थांबतो आणि पोर जेवायला लागतं. तक्रारी येतात त्या न सांगितलेल्या गोष्टींच्या. कॅप चकचकीत स्टीलच्या असतात. भुलेत नीट एक्स-रे काढल्यावर एखादी दाढ काढायचीही ठरू शकते. तसं झालं तर फोन करणार की संमती आधीच घेणार, ते लिहून घ्या. दंततज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, हॉस्पिटल, रक्ततपासणी असा खर्च वेगवेगळा मागा. बहुतेक विमा पॉलिसींत दातांचे उपचार वगळलेले असतात. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग आहेत, तिथेही चौकशी करा. आणि रात्रीची दुधाची बाटली चालू राहिली तर उरलेल्या दातांना पुन्हा कीड लागते.

रिकव्हरी_खाट:
शुद्धीवर येताना पहिली 15-20 मिनिटं बरीच मुलं जोरात रडतात, आईलाही ओळखत नाहीत. आपोआप उतरतं, जवळ घ्या, प्रश्न विचारू नका. नाकातून थोडं रक्त दिसू शकतं. घरी नेताना गाडीत दोन मोठी माणसं हवीत: एक चालवायला, एक मागे तिच्या शेजारी, कारण पेंगताना मान छातीवर पडली तर श्वास अडतो. दुचाकी अजिबात नको. ओठ बधिर असेल तर दोन-तीन तास चघळू देऊ नका, चावून सुजवून घेतात.