ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय, काय करू?

खिडकीतली_मांजर:
नमस्कार मंडळी, मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहते. मार्चमध्ये सिटिझनशिपची शपथ घेतली आणि काल टपालात सँटा क्लारा काउंटी कोर्टाचं समन्स, ज्युरीत बसायला या म्हणून (म्हणजे खटला ऐकून दोषी की नाही ते ठरवणारे साधे नागरिक), आधी पोटात गोळाच आला की आपण काय केलं बाबा! तारीख नेमकी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि ४ तारखेचं आमचं मुंबईचं तिकीट आहे, कोल्हापूरला चुलतबहिणीचं लग्न. नवरा म्हणतो इंग्रजी येत नाही म्हणून कळव, सुटशील. मी दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेते हो 🙄 कोर्टाला माझं नाव मिळालं कुठून? आणि सासूबाई ग्रीन कार्डवर आहेत, त्यांनाही येईल का?

मिलपिटासकर:
नावं मतदार यादी, डीएमव्ही (गाडीचं लायसन्स देणारं खातं) आणि आता स्टेट टॅक्स भरणाऱ्यांच्या यादीतून काढतात, सोडत असते सगळी. ज्युरर फक्त सिटिझनच होऊ शकतो, पण लायसन्सवरून सासूबाईंनाही पत्र येऊ शकतं, आलं तर फेकू नका, सिटिझन नाही अशी खूण करून परत पाठवा. लग्नासाठी तारीख पुढे ढकलून मिळते, ऑनलाइनच होतं. इंग्रजीची थाप मात्र मारू नकोस, त्या फॉर्मवर खरं लिहितोय म्हणून सही असते. बऱ्याच जणांना जावंही लागत नाही, आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर आपला ग्रुप नंबर बघायचा, बोलावलं नाही तर सुटलो. पैशांचं विचारू नकोस, पहिल्या दिवशी शून्य आणि दुसऱ्यापासून १५ डॉलर रोज 😂 यासाठी कंपनीला नोकरीवरून काढता येत नाही, पण पगार देतील का ते एचआरला विचार.

आमटीभात:
मी बसलेय पूर्ण केसला, दारू पिऊन गाडी चालवल्याची होती. आधी बाराजण आणि पुढे आणखी सहा असे खुर्च्यांत बसवतात, मग जज एकेकाला विचारते काय करता, नवरा काय करतो, नात्यात कुणी पोलीस आहे का, स्वतः पिता का. वकिलांना ठराविक जणांना कारण न सांगता काढता येतं, पण वंश, धर्म, लिंग बघून नाही. माझ्या शेजारचा एक जण पोलिसांवर माझा विश्वासच नाही म्हणाला, तो गेला, आणि मी राहिले!
चार दिवस केस, मग खोलीत बाराजण. पहिल्या मतदानात ११ दोषी म्हणणारे आणि एकटे एक रिटायर्ड बस ड्रायव्हर नाही म्हणणारे. मला राग आला होता खरं तर, घरी जायचं होतं. पण त्यांनी पोलिसाची साक्ष पुन्हा वाचून घ्यायला लावली, गाडी अडवली कधी आणि दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावलं कधी, ती वेळ जुळेना. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं त्यांच्या बाजूला. निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं, ते झालंच नाही, जजने मिसट्रायल केला, म्हणजे खटला निकालाविनाच संपवला. आणि या सगळ्यात घरी चकार शब्द काढायचा नाही, गूगल करायचं नाही, नवरा रोज जेवताना विचारायचा आणि मी गप्प आमटी वाढायची.

जुनी_पुस्तकं:
हे एकमत महत्त्वाचं. टिळकांवरचा १९०८ चा खटला आठवा, नऊजणांची ज्युरी, ७ विरुद्ध २ ने दोषी, आणि तेवढ्यावर सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे मंडाले. तिथेही असंच एकमत लागत असतं तर? नानावटी खटल्यात (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा नौदल अधिकारी) उलटं, ८ विरुद्ध १ ने निर्दोष, ते जजला पटलं नाही म्हणून हायकोर्टात गेलं. त्या केसमुळे भारतात ज्युरी लगेच बंद झाली म्हणतात ते काही खरं नाही, काही ठिकाणी नंतरही चालू होती, १९७३ च्या फौजदारी संहितेत मात्र तिला जागाच उरली नाही.

मिलपिटासकर:
जाता जाता, "ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डने दंड भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. सासूबाईंनाही सांगून ठेव.

खिडकीतली_मांजर:
फेब्रुवारीची तारीख मिळाली, दोन मिनिटांत काम झालं! नवऱ्याला आमटीचा किस्सा वाचून दाखवला, आता म्हणतोय मला तरी सांगशील ना. डबा नेता येतो का आत?

आमटीभात:
येतो. दारात विमानतळासारखी तपासणी असते, सुरी नको नेऊस. आणि जाडसं पुस्तक ने, वाट बघण्यातच दिवस जातो.