मदत हवी आहे: कानासारखी बुरशी आणि चिमुकलं वटवाघूळ, तुलना चालेल का?

आंबोलीच्या निसर्गफेरीसाठी सातवी-आठवीच्या मुलांना तक्ता करून द्यायचाय. एका बाजूला ऑरिक्युलारिया, कुजक्या फांदीवर उगवणारी जेलीसारखी बुरशी. दुसऱ्या बाजूला पिपिस्ट्रेल, जेमतेम काही ग्रॅमचं वटवाघूळ. बुरशीचं घरी करून पाहिलं: वाळून कडकडीत झालेला तुकडा वाटीभर पाण्यात टाकला, थोड्या वेळात कानाच्या पाळीसारखा मऊ, लवचिक. फार सुंदर दिसतं ते! युरोपातली पिपिस्ट्रेल हिवाळ्यात शरीराचं तापमान उतरवून ऊर्जा वाचवतात, एवढं वाचलंय. वटवाघळांना हात लावायचा नाहीये, फक्त लांबून निरीक्षण.

एक सुकून थांबते, दुसरं गारठून. हे शेजारी मांडलं तर मुलांचा चुकीचा समज होईल का? आणि सह्याद्रीतली पिपिस्ट्रेलही थंडीत अशी सुस्तावलेली कुणी पाहिलीत का?