खाणीच्या ढिगावर लावलेली रोपं पिवळी पडतायत, जिवाणू खताने फरक पडेल का?

ढिगाऱ्यावरचा
उघड्या खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगावर झाडं लावायचं काम करतोय, तिसरं वर्ष आहे. पाणी दिलं, युरिया दिला, पहिल्या वर्षी मस्त हिरवंगार होतं आणि आता निम्मी रोपं पिवळी, एक उपटून बघितलं तर मुळं खड्ड्याबाहेर गेलेलीच नाहीत. एकजण म्हणतोय मातीत जीवच नाही, जिवाणूंच्या बाटल्या आणून ओता. खरंच उपयोग होतो का उगाच खर्च?

मुळाक्षर
पीएच (माती किती आम्ल आहे ते, ७ पेक्षा जितका कमी तितकी आम्ल) मोजलाय का आधी? आणि वरची माती कुठे गेली?

ढिगाऱ्यावरचा
पीएच ३.४. वरची माती काढून ठेवली होती पण दोन मजली ढीग करून चार वर्षं पडून होती, मग पसरली.

मुळाक्षर
मग दोन्ही उत्तरं तिथेच आहेत. ३.४ म्हणजे खडकात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, असणार. हवापाणी लागलं की त्याचं आम्ल होतं, आणि गंमत म्हणजे हे काम जोरात करतात ते जिवाणूच, अ‍ॅसिडिथायोबॅसिलस वगैरे. म्हणजे तुमच्या मातीत जीव आहे, फक्त नको तो आहे 😀 नुसत्या पीएचवर चुना ठरवू नका, अजून न सडलेला पायराइट पुढे आम्ल सोडतच राहतो. पायराइटमधलं गंधक १ टक्का असेल तर हजार टन मातीला साधारण ३१ टन चुनखडी लागते, त्यामुळे गंधक तपासून घ्याच.

बुरशीप्रेमी
दुसरं, एवढ्या उंच ढिगात आत हवा जात नाही, वर झाडं नाहीत म्हणजे मायकोरायझा बुरशीला (मुळांना चिकटून राहते आणि झाडाला अन्न आणून देते ती) जगायला मुळंही नाहीत, ती मरते. जिवाणू त्यामानाने लवकर परत येतात, बुरशीला वेळ लागतो. मुळं खड्ड्यातच अडकलीत ना, तिथून लांबचं फॉस्फरस आणून देणारे बुरशीचे धागेच नाहीत. (जमीन मशिनने दाबून घट्ट झालीय का तेही बघा, मग बुरशी बिचारी काय करणार.) पश्चिम ऑस्ट्रेलियात बॉक्साइटच्या खाणींवर जाराहचं (तिथल्या एका निलगिरीच्या जातीचं) जंगल परत आणताना जमेल तिथे माती साठवतच नाहीत, एकीकडून काढली की लगेच दुसरीकडे पसरतात, त्यात बी पण जिवंत राहतं.

ढिगाऱ्यावरचा
आता साठवलेली तर मेली, मग बाटली?

बुरशीप्रेमी
बाटलीत एकदोन जाती असतात, आणि ३.४ पीएचला त्या टिकणार नाहीत. आधी चुना, मग कंपोस्ट भरपूर, त्यांना खायला काहीतरी पाहिजे की. मग जवळच्या चांगल्या रानातली थोडी माती आणून पातळ पसरा. नेदरलँड्समध्ये २००६ साली जुन्या शेतजमिनीवर हे केलं, सहा वर्षांनी बघितलं तर गवताळ रानातली माती टाकली तिथे गवताळ रान आणि हीथची (म्हणजे खुरट्या झुडपांच्या माळाची) टाकली तिथे हीथ येत होतं, वरचा थर काढलेल्या जागी फरक जास्त दिसला. तुमच्याकडे आम्ल आहे त्यामुळे तसंच्या तसं होईल असं नाही. आणि त्यासाठी चांगलं रान खरवडून काढू नका म्हणजे झालं.

मुळाक्षर
सगळीकडे एकदम करू नका, दहा बाय दहाचे तुकडे पाडा. एकात नुसता चुना, एकात चुना कंपोस्ट, एकात तिन्ही, आणि एक असाच सोडा. वर्षभराने मुळं उपटून बघा.

ढिगाऱ्यावरचा
ठीक. उद्या गंधकाच्या तपासणीला माती पाठवतो, बाटलीवाल्याला थांबायला सांगितलंय.