वस्तीतल्या कामाला पगार द्यायचा का नुसती शालच?

नवतपा (धागा सुरू करणारा)
मागच्या आठवड्यात एका सत्काराला गेलो होतो. बॅनरवर "पर्यावरण योद्धे", हॉलमध्ये एसी, बाहेर ४४. आमच्या वस्तीतल्या काकूलाही बोलावलं होतं. भाषणं झाली, फोटो झाले, तिला शाल आणि प्लास्टिकच्या कुंडीत एक रोप मिळालं. ऑटोत रोप मांडीवर घेऊन बसली आणि म्हणे, "आता याले पाणी कोण टाकन, माझंच एक काम वाढवलं ना बाप्पा यांनी."

तर ही काकू. आमची वस्ती नागपुरात नाग नदीच्या काठची. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवत असेलच, चार तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, आणि पाणी झोपेत घरात. काकूकडे एक दोनशे पानी वही आहे, त्यात कोण एकटं राहतं, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाचं इन्सुलिन कोणाच्या फ्रीजमध्ये ठेवलंय, कोणाच्या पोराचा पुण्यातला नंबर काय, सगळं लिहिलेलं. त्या रात्री ती लाटणं घेऊन लोखंडी गेटं बडवत फिरली, वहीत ज्या नंबरानं नावं आहेत त्याच नंबरानं, आधी म्हातारे मग बाकीचे. वही भिजली. दोन दिवस पंख्याखाली चिमटे लावून वाळत टाकली होती, अजूनही पानं पापडासारखी वाजतात. उन्हाळ्यात तीच वही मागून सुरू होते, पत्र्याचं घर कोणाचं, कुलरची मोटर कोणाची जळली, पाणपोईचे माठ आज कोण भरणार.

माझं म्हणणं एकच आहे, या कामाला पगार द्या. महिन्याच्या महिन्याला, खात्यात. अहमदाबादने २०१३ मध्ये हीट अॅक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेच्या लाटेत कोणी काय करायचं याचा आराखडा, आणला, नंतर आपल्याकडेही आला, पण त्यातली "जनजागृती" म्हणजे शेवटी कोणीतरी दुपारी दोन वाजता उन्हात दारं वाजवत फिरणंच असते ना.

धरमपेठी
भावना समजली पण मत अजिबात पटलं नाही. पैसा आला की असं काम मरते, अनुभवानं सांगतो. आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे कॉलनीत, आम्ही सात-आठ जण रोज सकाळी झाडांना पाणी द्यायचो, दोन वर्षं, चाळीसेक झाडं जगवली. मग एकानं डोनर आणला, त्यानं "केअरटेकर मानधन" सुरू केलं. सहा महिन्यांत कोणाला किती मिळते यावर बोलणं बंद, टाकीच्या चावीवरून भांडण, आणि बाकीचे म्हणायला लागले की पैसे तो घेते तर पाणी त्यानंच द्यावं. त्या उन्हाळ्यात अर्धी झाडं गेली. काकू लाटणं घेऊन निघाली ते पगारासाठी निघाली का? नाही ना. मग तिला मस्टरवर काहून बसवता?

तर्रीपोहा
दोघंही चुकून राहिले. पगार नको आणि शाल तर नकोच नको. काकूनं रात्री गेटं बडवावी अशी वेळच काहून आली ते विचारा. सिमेंट रोड घराच्या ओट्यापेक्षा उंच करून ठेवले, पाणी मुरायला जागा नाही, नाल्याच्या काठावर बांधकामं, आणि मग म्हणायचं वा काय रेझिलियन्स (संकट झेलायची ताकद) आहे लोकांमध्ये. रेझिलियन्स म्हणजे तुम्ही बुडा, आम्ही टाळ्या वाजवतो. काकूला पगार सुरू केला की नाला साफ न करणाऱ्याला आयती सोय, म्हणतील तुमच्याकडे बाई नेमलेली आहे ना, तिला सांगा.

मे २०२४ मध्ये ५६ डिग्रीची बातमी आली तेव्हा सगळं शहर त्या आकड्यावर भांडत होतं, नंतर कळलं सेन्सरच बिघडला होता. सेन्सर बदलला असेल. पत्र्याच्या खोल्या आहेत तशाच आहेत.

आशाताईची_लेक
पैशानं काम मरते म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी या. आई २००९ पासून आशा आहे. पगार नाही, थोडं ठरलेलं मानधन आणि बाकी कामागणिक मोबदला, लसीकरणाचे इतके, बाळंतपणाचे इतके. उन्हाचं काम आलं तर ते "तेवढं बघून घ्या ताई" मध्ये. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनं देशातल्या सगळ्या आशांना पुरस्कार दिला, आई खूष झाली, मैत्रिणींना फोन केले. आणि २०२३ च्या शेवटी त्याच बाया मानधन वाढवा म्हणून संपावर होत्या. धरमपेठी काका, तुमचे सात-आठ जण सकाळी झाडांना पाणी देऊन नऊला ऑफिसला जात होते, बरोबर? पगार तिकडे मिळत होता. फुकट काम करायलाही ऐपत लागते.

धरमपेठी
हे लागलं. पण एक विचारतो, पगार देणार कोण? जो देईल त्याचं ऐकावं लागेल. उद्या वहीतली नावं कोणाच्या तरी मतदारयादीला जोडली जातील तेव्हा काकू नाही म्हणू शकेल का?

वैनगंगाकाठ
हा प्रश्न बरोबर आहे आणि याचं एक उत्तर गडचिरोलीत आहे. मेंढा (लेखा) नावाचं गाव. २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकायचा वाहतूक परवाना गावाच्या हातात आला. तिथं लोक जंगलाचं काम मजुरी घेऊनच करतात. पैसा आला म्हणून गाव फुटलं नाही, कारण पैसा ग्रामसभेच्या खात्यात येते, हिशेब सगळ्यांसमोर होते आणि निर्णय सर्वसहमतीनं. तुमच्या लेआऊटमध्ये भांडण पैशानं नाही झालं, हिशेब एकाच्या खिशात होता म्हणून झालं.

आणि ही काही नवी गोष्ट नाही, धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पाटाच्या सिंचनात, पाणी वाटणारा पाटकरी असायचा, त्याला शेतकरी धान्य द्यायचे. पाटकऱ्याला कोणी स्वयंसेवक म्हटलं नाही.

तर्रीपोहा
मेंढ्याला जंगल आहे म्हणून उत्पन्न आहे राजा. नाग नदीच्या काठच्या वस्तीकडे विकायला काय आहे, गाळ?

वैनगंगाकाठ
हे मात्र खरं आहे. तिथं वॉर्डाच्या निधीतूनच द्यावं लागेल, आणि मग धरमपेठींची भीती परत येते. मला याचं पक्कं उत्तर नाही सापडलं.

नवतपा
तर्रीपोहा, नाला साफ करायची जबाबदारी ज्याची त्याचीच, त्यात सूट नाही. पण नाला एकदम साफ झाला तरी ४५ मध्ये वरच्या मजल्यावरच्या आजीनं सकाळपासून दार उघडलं नाही हे कोणाला तरी लक्षात यावं लागते. ते काम उरतेच. आणि धरमपेठी, मतदारयादीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. वही काकूच्या घरातून बाहेर जाणार नाही ही अट आधी, पैसे नंतर, एवढं मी मान्य करतो. सध्या मोबाईलचं रिचार्जही ती स्वतःच्या पैशानं मारते, सुरुवात तिथून तरी करा.

आशाताईची_लेक
एक सांगा, ती वही एकच आहे का? परत भिजली तर? निदान एक झेरॉक्स काढून कोणाच्या तरी वरच्या मजल्यावर ठेवा.

नवतपा
एकच आहे. काल म्हटलं काकूला, दे मी काढून आणतो. म्हणे, "दोन रुपये पान घेते तो झेरॉक्सवाला. दोनशे पानाचे किती झाले पाय, त्यात माठ येते नवा."