रंगासाठी घोडे पैदा करायचे: हौस की निव्वळ वेळ घालवणं?

खडूफळा
भाची सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून माइनक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या खेळात एकाच घोड्याच्या मागे लागली आहे: काळाकुट्ट, अंगभर पांढरे ठिपके. हाताशी दोन साधे तांबडे, घोडी 'राणी' आणि तिचा जोडीदार. दोघांना सोन्याचं गाजर चारायचं, शिंगरू झालं की रंग बघून "छे" म्हणायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा गाजर. कुंपणात आज ४१ शिंगरं आहेत, मीच मोजली. एका गाजराला सोन्याचे ८ कण, म्हणजे शिंगरामागे १६. नऊ कणांची एक वीट, हिशेब केला तर जवळजवळ ७३ विटा सोनं गेलं. तेवढ्यात सोन्याच्या चिलखताचे तीन पूर्ण संच झाले असते.

माझं म्हणणं सरळ आहे. वेग, उडी आणि तग या तीन गोष्टींशी रंगाचा काडीचा संबंध नाही. मग हा खटाटोप कशाला?

पावकी_निमकी
खटाटोप चुकीचा नाही, पद्धत चुकीची आहे. खेळाच्या 'जावा' नावाच्या आवृत्तीत शिंगराचा मूळ रंग ९ पैकी ४ वेळा आईचा, ४ वेळा बापाचा, उरलेल्या एका वेळी सातांतला कुठलाही. अंगावरच्या खुणा ५ पैकी २ वेळा आईच्या, २ वेळा बापाच्या, एकदा पाचांतली कुठलीही. आईबापांत काळा नाही, ठिपका नाही, तर काळा येण्याची शक्यता ६३ त १ आणि पांढऱ्या ठिपक्यांची २५ त १. दोन्ही एकत्र म्हणजे १५७५ त १! ४१ शिंगरांनी काय होणार?

त्यापेक्षा माळरानावरून एक काळा घोडा आणि एक पांढऱ्या ठिपक्यांची घोडी धरून आणा. मग पाच शिंगरांत साधारण एक हवं तसं. 'दुर्मीळ' वगैरे काही नाही, ७ रंग गुणिले ५ खुणा, एवढी ३५ रूपं, झालं.

खडूफळा
म्हणजे माझंच खरं. दुर्मीळही नाही आणि उपयोगाचंही नाही.

जनुकवाली
मला वेगळ्याच गोष्टीचा राग येतो. खऱ्या तांबड्या घोडा-घोडीला काळं शिंगरू होतच नाही. काळं रंगद्रव्य बनवायला लागणारं जनुकाचं रूप दोघांकडेही नसतं, मग पोराला कुठून मिळणार? ६३ त १ नाही, शून्य. मुलं हे खेळून काय शिकणार, आनुवंशिकता म्हणजे फासे?

खरी गंमत पालोमिनोत आहे. सोनेरी अंग, पांढरी आयाळ. दोन पालोमिनो जुळवले की निम्मीच शिंगरं पालोमिनो, पाव तांबडी, पाव जवळजवळ पांढरी. उलट तांबडा आणि तो पांढुरका क्रेमेलो जुळवा, प्रत्येक शिंगरू पालोमिनो. हे ज्या खेळात नीट बसवलंय, तिथे रंगाचा नाद हा चक्क अभ्यास आहे.

पावकी_निमकी
सातवीतल्या पोरीला एवढं कशाला? तिला १५७५ कळलं तरी पुष्कळ.

तापीकाठ
"रंगाशी संबंध नाही" हे आमच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीच्या घोडेबाजारात येऊन बोला. तिथे गिऱ्हाईक आधी अंगावरच्या केसांचे भोवरे बघतं, चार पाय आणि कपाळ पांढरं आहे का बघतं, मग दात, मग चाल. पंचकल्याणी म्हटलं की भाव चढलाच. लग्नाच्या वरातीला पांढराशुभ्र नुकरा लागतो, त्याची उडी किती हे कोण विचारतं? घोड्याचा रंग बघणं हा जुनाच शौक आहे, कॉम्प्युटरवर आला इतकंच.

जनुकवाली
आणि त्याच शौकापायी घोड्यांचे हालही होतात. अबलखांत, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या घोड्यांत, 'फ्रेम' नावाचा एक नमुना आहे, अमेरिकेत लोकप्रिय. दोन्ही आईबाप त्याचे वाहक असतील तर चारांत एक शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं. त्याच्या आतड्यात चेतापेशी नसतात, शेण पुढे सरकत नाही, काही दिवसांत मरतं. आता चाचणी करून हे टाळता येतं, पण चाचणी करणारा मालक हवा ना! त्यामुळे आधीचं थोडं मागे घेते. रंगाचं वेड असेल तर ते खेळातलंच बरं. तिथे ४१ नकोशी शिंगरं झाली तरी कुणाच्या पोटात दुखत नाही.

खडूफळा
दुखतं, माझ्या लॅपटॉपच्या. कुंपणाजवळ गेलं की पंखा घरघरतो.

असो. पावकी_निमकींचा हिशेब तिला दाखवला. काल मी स्वतः माळावर जाऊन तिच्यासाठी काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा घोडा शोधला. पाऊण तास लागला, दोनदा त्याने पाठीवरून फेकलं. दोरीने ओढत आणून कुंपणाशी बांधला. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "मामा, पण हा राणीचा नाहीये." आणि परत गाजरं करायला बसली.

तापीकाठ
बाजारातही हेच विचारतात हो. आई कुठली?